समुद्रात उतरण्यापूर्वीची कागदपत्रे

दिवाळीची सुट्टी जवळ आली की व्यापारी कुटुंबांत प्रवासाचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत तीर्थयात्रेचे किंवा थंड हवेच्या ठिकाणांचे असत. आता घरातील तरुण मुलेमुली मालदीवच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करण्यास निघतात. मुंबईहून मालेचा थेट विमानप्रवास सुमारे तीन तासांचा असल्याने ज्येष्ठांनाही तो जवळचाच वाटतो. परंतु पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरावयाचे असल्याने या सहलीची तयारी नेहमीच्या सहलीपेक्षा निराळी आहे. तिच्यासाठी अनेक कागद लागतात आणि त्यांतील सर्वांत महत्त्वाचा कागद विमानतळावर कोणीही मागत नाही.

पासपोर्ट आणि प्रवेश

मालदीवसाठी भारतीय पर्यटकास आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. तेथील विमानतळावरच विनामूल्य प्रवेश मिळतो. तथापि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. परतीचे तिकीट आणि निवासाचे आरक्षण यांच्या छापील प्रती जवळ ठेवाव्यात. प्रवासापूर्वीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ या सरकारी संकेतस्थळावर प्रवासी घोषणापत्र भरावे लागते. त्यास शुल्क नाही. शुल्क मागणारी संकेतस्थळे सरकारी नाहीत, हे ध्यानात घ्यावे.

नावाच्या बाबतीत आपल्या घरांत हमखास घोटाळा होतो. एका कागदावर आडनाव ‘जैन’, दुसऱ्यावर मूळ गोत्राचे, तिसऱ्यावर वडिलांचे नाव मध्ये. विमानाचे तिकीट, विमापत्र आणि डायव्हिंगचे ओळखपत्र या तिन्हींवर पासपोर्टप्रमाणेच नाव असावे. काका-मामांबरोबर अल्पवयीन मूल जात असेल तर आईवडिलांचे लेखी संमतिपत्र बरोबर द्यावे.

पैशाचा हिशोब

परदेशप्रवासाचा खर्च रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली होतो. तिची मर्यादा एका आर्थिक वर्षात प्रतिव्यक्ती २,५०,००० अमेरिकी डॉलर आहे. ही सवलत केवळ व्यक्तींसाठी आहे. भागीदारी पेढी किंवा हिंदू अविभक्त कुटुंब यांना ती लागू नाही. म्हणून मुलांच्या सहलीचे पैसे पेढीच्या खात्यातून भरण्याची सवय येथे सोडावी. सहलीच्या पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस हा खर्च नसून आयकरातून वळता होणारी रक्कम आहे. मात्र ती कोणाच्या पॅनवर जमा होते, हे पैसे भरतानाच पाहावे.

रोख परकीय चलन साधारणतः एका प्रवासास ३,००० डॉलरपर्यंत नेता येते. परतल्यावर २,००० डॉलरपेक्षा अधिक उरलेले चलन १८० दिवसांत बँकेस अथवा अधिकृत विक्रेत्यास परत करावे लागते. नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात. ते निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावेत.

ओळखपत्र आणि नोंदवही

पाडी, एसएसआय, नावी, सीमॅस यांसारख्या संस्थांचे प्रमाणपत्र दाखविल्याशिवाय जबाबदार डायव्हिंग केंद्र कोणासही स्वतंत्र डायव्हर म्हणून पाण्यात उतरवीत नाही. ‘ओपन वॉटर’ या पहिल्या पायरीवर १८ मीटरपर्यंत, तर ‘अॅडव्हान्स्ड’ पायरीवर ३० मीटरपर्यंत उतरता येते. मालदीवच्या नियमांनुसार हौशी डायव्हिंगची कमाल खोलीही ३० मीटरच आहे. पूर्वीच्या डायव्हची नोंदवही बरोबर असावी. शेवटचा डायव्ह केव्हा व किती खोल झाला, यावरून केंद्रचालक पहिल्या दिवसाची जागा ठरवितो.

दहा प्रश्नांचा कागद

केंद्रात गेल्यावर हातात एक वैद्यकीय प्रश्नावली येते. तिच्यात मुख्य प्रश्न दहा. दमा, फिट, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, छातीचे आजार, नियमित औषधे यांविषयी ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहावयाचे असते. बहुतेक तरुण उभ्याउभ्या दहा वेळा ‘नाही’ लिहितात आणि सही करतात. कारण एक ‘होय’ लिहिले तरी डॉक्टरांच्या तपासणीची गरज पडू शकते, आणि त्या बेटावर ते शक्य न झाल्यास भरलेले पैसे बुडतात.

हे प्रश्न का विचारले जातात, हे समजून घेणे आवश्यक आहे. पाण्याखाली दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. तेथे फुफ्फुसात भरून घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावत दुप्पट जागा मागते. श्वासनलिका दम्याने आकुंचित झाली असेल तर ती हवा आत अडकते आणि फुफ्फुसास इजा होऊ शकते. फिट जमिनीवर आली तर माणूस सावरतो. पाण्याखाली तोंडातील नळी सुटली की बुडण्याचा धोका असतो.

येथे घरातील ज्येष्ठांची जबाबदारी येते. आपल्या समाजात मुलांचे, विशेषतः मुलींचे, लहानपणचे आजार बाहेर बोलले जात नाहीत. स्थळे पाहताना अडचण नको, हा त्यामागचा विचार. परिणामी कित्येकदा त्या मुलीसच ठाऊक नसते, की तिसऱ्या वर्षी तिला तापात झटके आले होते किंवा सहाव्या वर्षापर्यंत ती दम्याचा पंप घेत होती. ती ‘नाही’ लिहिते तेव्हा ती खोटे बोलत नसते. तिला खरे कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून ही प्रश्नावली आगाऊ मागवून घ्यावी आणि आई, आजी यांना बरोबर घेऊन घरीच भरावी. एखादे उत्तर ‘होय’ असेल तर प्रवासाच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे जावे. ‘होय’ म्हणजे नकारच असे नाही. तपासणीनंतर अनेकांना लेखी परवानगी मिळते. न मिळाल्यास सहल समुद्राच्या पृष्ठभागावरून मासे पाहण्याचीही होऊ शकते.

विमा आणि परतीचा दिवस

नेहमीच्या प्रवास विम्यातून साहसी खेळ अनेकदा वगळलेले असतात. पॉलिसीत स्कूबा डायव्हिंग, त्याची खोली आणि दाबकक्षातील उपचार यांचा स्पष्ट उल्लेख आहे की नाही, हे वाचून पाहावे. वेगाने वर आल्यास रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात; त्यावर दाबकक्षातच उपचार होतो. मालेजवळील बंडोस बेटावर असा कक्ष आहे, परंतु दूरच्या बेटावरून तेथे पोहोचविण्याचा खर्च मोठा असतो. शिवाय विमा हा संपूर्ण सत्यकथनावर आधारलेला करार आहे. आजार दडविला असेल तर दावा नाकारण्यास कंपनीस कारण मिळते.

याच नायट्रोजनमुळे शेवटच्या डायव्हनंतर लगेच विमानात बसू नये. अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर किमान १८ तास थांबावे, असे डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचे मार्गदर्शन आहे. तिकीट काढतानाच शेवटचा पूर्ण दिवस मोकळा ठेवावा.

सामान आणि आहार

महागडा कॅमेरा नेत असल्यास निघतानाच भारतीय सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. अन्यथा परतताना तो नव्याने आणल्याचा प्रश्न उभा राहतो. पॉवरबँक व सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातील पिशवीतच ठेवाव्यात, डायव्हिंगचा चाकू मात्र मोठ्या सामानात.

विमानातील जैन भोजन आगाऊ नोंदवावे. खाकरा, सुके पदार्थ बरोबर असावेत. बोटीवर राहणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाविषयी आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवावे. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती नेण्यास मनाई आहे. नित्यपूजेची लहान प्रतिमा सामानात ठेवण्याची सवय असणाऱ्यांनी हे विसरू नये.

सर्व कागदांच्या दोन प्रती कराव्यात. एक प्रवाशाकडे, एक घरी. घरच्या प्रतीवर केंद्राचा व विमा कंपनीचा दूरध्वनी आणि रक्तगट लिहावा. पासपोर्ट आणि तिकीट मुले स्वतःच सांभाळतात. मुलांच्या प्रकृतीची खरी हकीकत मात्र घरच्या वडीलधाऱ्यांनीच त्यांच्या हाती द्यावयाची आहे.