चाकांवरचं घर – लेखांक ५ : उंची किती, उभी कुठे?

मागच्या लेखांकात कॅम्परव्हॅनच्या आतल्या मांडणीचा विचार झाला. पण मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या कुटुंबाने पलंग, ओटा आणि फ्रिज यांच्याही आधी एक गोष्ट पक्की करायला हवी: ही गाडी रात्री उभी कुठे राहणार? बहुतेक ठिकाणी आधी गाडी बुक होते आणि मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेप निघते. तोवर उशीर झालेला असतो.

मुंबईच्या विकास नियमावलीत मोठ्या मोटारीच्या जागेचं माप २.५ मीटर बाय ५.५ मीटर धरलेलं आहे. लांबी-रुंदीचं गणित एक वेळ जमतं, घात होतो तो उंचीत. आपल्याकडे कॅम्परव्हॅनसाठी सर्वाधिक वापरला जाणारा सांगाडा फोर्स ट्रॅव्हलरचा आहे आणि त्याची उंचीच अडीच मीटरच्या आसपास जाते. त्यावर सौर पॅनेल, हवेचा झरोका आणि एसीचं खोकं चढलं की आणखी वीस-तीस सेंटिमीटर. स्टिल्टमध्ये तुळईखाली आणि सांडपाण्याच्या लोंबत्या पाइपांखाली किती जागा उरते ते मोजावं. दोन खांबांमधलं छत मोजून फसगत होते. पोडियमच्या तोंडाशी उंचीचा आडवा दांडा असतो. स्टॅक पार्किंगच्या लोखंडी पाळण्याचा तर विचारच सोडावा. अंधेरी किंवा बोरिवलीतल्या जुन्या, उघडं आवार असलेल्या सोसायट्या या बाबतीत नव्या टॉवरपेक्षा कितीतरी सोयीच्या.

युरोपात हा प्रश्न कारखान्यानेच सोडवला. फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये कपाटं-पलंग बसवण्याचं काम जर्मनीतली वेस्टफालिया कंपनी १९५१ पासून करत होती. पुढे फोक्सवॅगनने ‘कॅलिफोर्निया’ ही गाडी २००३ पासून हॅनोव्हरच्या स्वतःच्या कारखान्यातच पूर्ण तयार करायला घेतली. तिच्या टी-६.१ या पिढीची उंची १.९९ मीटर ठेवली होती. हे दोन मीटरच्या आतलं माप शहरी पार्किंगसाठीच जपलेलं. मुक्कामी पोचलं की छप्पर वर उचलायचं, त्यात दोघांची झोपायची जागा होते. परदेशातून येताना अशी गाडी सोबत आणावी असं अनेकांच्या मनात येतं. मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम १२० डावीकडे सुकाणू असलेल्या वाहनाला आड येतं, आणि उजव्या सुकाणूची मिळाली तरी आयात शुल्क किंमत कुठल्या कुठे नेऊन ठेवतं.

आपल्याकडे चित्र वेगळं. सांगाडा एका कंपनीचा, घर दुसरीचं. सप्टेंबर २०२२ मध्ये महिंद्रा अँड महिंद्राने आयआयटी मद्रासच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या ‘कॅम्परव्हॅन फॅक्टरी’शी करार जाहीर केला. बोलेरो कॅम्पर गोल्डच्या पाठीवर चौघांच्या झोपण्या-जेवणाची सोय, बायो-टॉयलेट आणि शॉवर, असा तो आराखडा. मोठ्या उत्पादकाने या क्षेत्रात लक्ष घातलं याचं मोल आहे, कारण ‘फॅक्टरी-बिल्ट’ या शब्दाचं खरं वजन कागदात असतं.

कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे ठणकावून सांगितलं. याउलट ‘मोटार कॅरॅव्हॅन’ या वर्गासाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. आसनं व टेबल, झोपायची जागा, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची कपाटं गाडीला पक्की जोडलेली असावीत, ही या वर्गाची ओळख. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून अशा नमुन्याची तपासणी होते. म्हणून दालनात शिरल्यावर पहिली मागणी करावी ती टाइप अप्रूव्हलच्या प्रमाणपत्राची प्रत दाखवा अशी. नोंदणी अंधेरीला एमएच-०२ मध्ये होवो, बोरिवलीला एमएच-४७ मध्ये, की घाटकोपर-मुलुंडकरांची वडाळ्याला एमएच-०३ मध्ये, आरसी पुस्तकात वाहनाचा वर्ग काय लिहिला जाणार हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावं. ‘नंतर बघू’ हे उत्तर मिळालं तर तिथून उठावं.

परवान्याची चिंता मात्र मिटली आहे. साडेसात टनांपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, हे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं.

उपनगरात चाकांवरची खोली कुणाला नवी नाही. गोरेगावच्या चित्रनगरीत, मढला व्हॅनिटी व्हॅन रोज दिसतात, आणि त्या सजवणारे कुशल कारागीरही याच भागात आहेत. त्यांच्याकडून स्वस्तात काम करून घ्यावं असा मोह होतो. पण चित्रीकरणस्थळी नीट पाहावं: व्हॅनिटीपासून निघालेली जाड काळी केबल जवळच धडधडणाऱ्या जनरेटरच्या गाडीपर्यंत गेलेली असते. व्हॅनिटी दिवसभर एका जागी उभी राहते आणि वीज तिला बाहेरून मिळते. कॅम्परव्हॅनला कसारा घाटात वळणं घ्यायची असतात आणि वीज सोबत न्यायची असते. जड प्लायवूडची कपाटं, संगमरवरी ओटा, वर शंभर लिटर पाणी, म्हणजे पाण्याचंच शंभर किलो. हे ओझं कुठल्या धुरीवर पडतं याचा हिशेब तपासणीत होतो, सुतारकामात होत नाही.

विजेचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा, तो अवघड नाही. २०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट. एक टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला एक युनिटच्या जवळपास खातो. मे महिन्यात तारकर्लीला तीन तासांत बॅटरी बसेल. तीच बॅटरी छोटा डीसी फ्रिज, दोन पंखे आणि दिवे दोन रात्री सहज ओढते. छतावरचं ४०० वॉटचं पॅनेल कडक उन्हात दिवसाला दीड-पावणेदोन युनिट देतं, आषाढात त्याची आशा धरू नये. रात्रभर एसी हवाच असेल तर मुक्काम वीजजोडणी मिळेल तिथेच ठरवावा लागतो. महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आणलं खरं, पण वीज, पाणी आणि मैला रिकामा करण्याची सोय असलेले तळ अजून गरजेपेक्षा फार कमी आहेत. सरकारने इथे जोर लावायला हवा.

परत सोसायटीकडे. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये निकाल दिला की स्टिल्ट पार्किंग ही सामायिक जागा आहे, बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. म्हणजे जागा देणं-न देणं सर्वसाधारण सभेच्या हाती. गाडीची लांबी, रुंदी, उंची लिहून कमिटीकडे अर्ज करावा आणि मंजुरी ठरावात यावी. चार्जिंगसाठी वायर सामायिक मीटरवरून नको. पश्चिम उपनगरांत मुख्यतः अदानी, मुलुंड-भांडुपला महावितरण. वीज कोणाचीही असो, स्वतःच्या मीटरवरून पॉइंट घेतला की भांडणाचं कारणच उरत नाही.

शेवटची गोष्ट पावसाची. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरात सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उघड्यावरची कॅम्परव्हॅन तो सगळा डोक्यावर घेते. ताबा घेण्याआधी गाडीच्या छतावर तासभर पाण्याची नळी सोडायला लावावी. मग आत जाऊन झरोक्याच्या चौकटीखाली, पॅनेलच्या वायरी जिथून आत येतात त्या भोकापाशी हात फिरवावा. गादी उचलून खालच्या प्लायचे कोपरे चाचपावेत. सीलंटमधली केसाएवढी फटही इथे ओलसर डाग दाखवते. डाग दिसला तर सही करू नये, दुरुस्ती करून घेऊन तीच चाचणी पुन्हा घ्यावी.

पुढच्या आठवड्यात: विमा, आणि गाडी वर्षातले दहा महिने उभी राहत असेल तर भाड्याने घेणं परवडतं का, याचा हिशेब.