पत्त्याच्या पट्टीवरील टिचकी

ठाणे जिल्ह्यात कल्याण-डोंबिवलीस राहून मुरबाड वा शहापूर तालुक्यांतील शाळांत जाणारे शिक्षक पुष्कळ आहेत. घरच्या संगणकावर विंडोज, शाळेच्या संगणकावर लिनक्स आणि हाती अँड्रॉइडचा मोबाइल, अशा तीन प्रणालींशी एकाच दिवसात त्यांची गाठ पडू शकते. तिन्हींवर ब्राउझर असतो आणि संकेतस्थळाचा पत्ता दाखविणारी पट्टीही असते. परंतु त्या पट्टीवर टिचकी मारली असता तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडेल असे नाही. एके ठिकाणी सारा पत्ता निळा होतो. दुसरीकडे, विशेषतः जुन्या संगणकावर, नुसता कर्सर लुकलुकतो. तिसरीकडे पट्टी रिकामी झाल्यासारखी दिसते. नवशिक्या विद्यार्थ्याचा, आणि कित्येकदा शिक्षकाचाही, यंत्र लहरी आहे असा समज यातूनच होतो. वस्तुतः ह्या प्रत्येक रीतीमागे निश्चित कारण आहे, आणि ते कळले म्हणजे गोंधळ उरत नाही.

पाटी पुसणे व अक्षर सुधारणे

पाटीवर लिहिलेल्या मजकुराचे दोन प्रकारे काही करता येते. नवा मजकूर लिहावयाचा असल्यास सारी पाटी पुसावी लागते. एखादे अक्षर चुकले असल्यास तेवढेच बोटाने पुसून सुधारावे लागते. पत्त्याच्या पट्टीचेही असेच आहे. पट्टीकडे वळणारा मनुष्य बहुधा नव्या स्थळी जाण्यासाठी किंवा चालू पत्त्याची नक्कल घेण्यासाठी वळतो. दोन्ही कामांस सगळा पत्ता निवडलेला असणे सोयीचे. म्हणून विंडोज व मॅक ह्या प्रणालींवरील प्रचलित ब्राउझर पहिल्या टिचकीसच संपूर्ण पत्ता निवडतात. त्यानंतर पहिली कळ दाबताच जुना पत्ता नाहीसा होऊन नवे अक्षर उमटते.

एखादेच अक्षर सुधारावयाचे असेल तर थोडे थांबून त्या जागी पुन्हा टिचकी मारावी. निवड सुटते व कर्सर तेथे उभा राहतो. दोन टिचक्या लागोपाठ मारल्यास पत्त्याचा एक तुकडा निवडला जातो. मात्र हा तुकडा बिंदूपाशी संपावा की तिरप्या रेघेपाशी, ह्याविषयी सर्व प्रणालींत एकवाक्यता नाही. चुकून सारा पत्ता पुसला गेल्यास घाबरण्याचे कारण नाही. एस्केप ही कळ एकदोनदा दाबली की चालू पानाचा पत्ता परत येतो.

लिनक्सवरील परंपरा

लिनक्सवर फार वर्षे निराळी रीत होती. तिचे मूळ एक्स विंडो ह्या व्यवस्थेत आहे. ही व्यवस्था १९८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत जन्मास आली. तीत मजकूर नुसता निवडला की त्याची नक्कल तयार झालेली असते. माऊसची मधली कळ दाबताच तो इष्ट स्थळी उतरतो. निराळी आज्ञा द्यावी लागत नाही.

आता असे समजावे की शिक्षकाने एका परिपत्रकातील पत्ता निवडला आणि तो उतरविण्यासाठी पट्टीवर टिचकी मारली. त्या टिचकीने पट्टीतील जुना पत्ता निवडला गेला, तर निवडीचे स्थान तोच घेईल आणि परिपत्रकातून आणलेला पत्ता हातचा जाईल. हे टाळण्यासाठीच लिनक्सवरील फायरफॉक्समध्ये एका टिचकीने केवळ कर्सर ठेवण्याची प्रथा होती. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या फायरफॉक्सच्या ७५ व्या आवृत्तीने ह्यातून मार्ग काढला. तेव्हापासून लिनक्सवरही एका टिचकीने सारा पत्ता निवडला जातो, परंतु आधी केलेली निवड तशीच सुरक्षित राहते. तीन टिचक्या मारल्यास मात्र पत्ता निवडला जाऊन त्याची नक्कलही होते. शाळेतील संगणकावर जुनी आवृत्ती असल्यास जुनीच रीत दिसेल. तो संगणकाचा बिघाड समजू नये.

अँड्रॉइडवरील क्रोममध्ये पट्टीस स्पर्श करताच ती नव्या मजकुरासाठी मोकळी होते आणि चालू पत्ता खालच्या ओळीत दिसतो. तेथेच नक्कल करण्याचे व पेन्सिलीचे चिन्ह असते. पेन्सिलीस स्पर्श केल्यास पत्ता दुरुस्तीसाठी पट्टीत येतो.

मराठी पत्त्याचे रूपांतर

पूर्ण निवड व अर्धी निवड ह्यांतील भेद मराठी पत्त्यांत विशेष जाणवतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर ‘ठाणे’ हा लेख उघडला असता पट्टीत ठाणे हे नाव देवनागरीतच दिसते. पण संपूर्ण पत्ता निवडून नक्कल केली व ती दुसरीकडे उतरविली, तर नावाच्या जागी टक्केचिन्हांची लांबलचक माळ पुष्कळदा दिसते. पत्ता बिघडला असे वाटून शिक्षक ती पुसून टाकतात. तसे करू नये.

महाजालावरील पत्त्याच्या मूळ नियमांत रोमन अक्षरे, अंक व मोजकी चिन्हे एवढ्यांनाच स्थान आहे. म्हणून देवनागरीतील प्रत्येक चिन्हाचे तीन संकेत केले जातात आणि प्रत्येक संकेत टक्केचिन्ह व पुढील दोन अक्षरे किंवा अंक असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाच्या नऊ जागा होतात. ‘ठाणे’ ह्यात ठ, काना, ण व मात्रा अशी ४ चिन्हे आहेत. त्यांच्या ३६ जागा झाल्या. ‘कल्याण’मध्ये पाय मोडण्याचे चिन्ह धरून ६ चिन्हे, म्हणून ५४, ‘डोंबिवली’त ८, म्हणून ७२. ही माळ कुरूप असली तरी खरी आहे, व ती जशीच्या तशी पाठविल्यास पान उघडते. केवळ नाव हवे असेल, तर पट्टीतील तेवढाच भाग निवडावा.

वर्गात करावयाचे

१. माऊसवर भिस्त ठेवण्याऐवजी कळफलकाची रीत आधी शिकवावी. विंडोज व लिनक्सवर कंट्रोल आणि एल, मॅकवर कमांड आणि एल ह्या कळा एकत्र दाबल्या की सारा पत्ता निवडला जातो.

२. पत्ता दुसऱ्यास पाठविताना पूर्ण निवडूनच नक्कल घ्यावी. माऊस ओढून निवडलेल्या पत्त्याचे शेवटचे अक्षर राहून जाते आणि पलीकडच्या शिक्षकास पान मिळत नाही.

३. यू-डायससारखी शाळेची माहिती भरण्यापूर्वी पट्टीतील पत्ता डोळ्यांनी वाचावा. पत्ता निवडणे हे बोटांचे काम आहे. तो खरा की फसवा हे ओळखणे वाचणाऱ्याचेच काम राहते.

४. ‘कल्याण’ ह्या नावाच्या ५४ जागा कशा झाल्या, हे वरच्या वर्गांतील मुलांकडून गणित म्हणून करवून घ्यावे.

दोन संगणकांवर दोन प्रकार दिसल्यास मुलास ‘तुझे चुकले’ असे सांगण्याची घाई करू नये. दोन्ही प्रकार करून पाहावयास सांगावे आणि फरकाचे कारण त्यालाच शोधू द्यावे. कारण उमगले की यंत्राची भीती जाते, आणि प्राथमिक शाळेतील संगणकशिक्षणाचा पहिला हेतू तोच आहे.