ज्योत वेळेवर थांबवली, तर

खारघरहून पनवेल ओलांडून रसायनीच्या बाजूला गेलं की पाताळगंगा औद्योगिक वसाहत लागते. तिथे बिर्ला कार्बनचा कारखाना आहे. त्यात बनतं कार्बन ब्लॅक, म्हणजे मोजूनमापून धरलेली काजळीच.

काजळ घरी पाडतात तेव्हा काय होतं? दिव्यातल्या एरंडेलाची वाफ होते, पण ज्योतीच्या पोटात तिला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. रेणू तुटतात, कार्बनच्या कड्या एकमेकींत गुंततात आणि काही मिलिसेकंदांत कण जन्मतात. दिव्याचा पिवळा उजेड या तापलेल्या कणांचाच. टोकाशी हवा मिळाली की बहुतेक कण जळून जातात. पण मध्येच तांब्याची वाटी पालथी धरली, तर ते गरम वायूतून थंड धातूकडे ढकलले जातात आणि तिथेच चिकटतात.

कारखान्यात इंधन जाळून सुमारे 1300 ते 1800 अंश सेल्सिअस तापमान गाठतात, त्यात जड तेलाचा फवारा सोडतात आणि नेमक्या क्षणी पाणी मारून सगळं थंड करतात. खरं कसब या पाण्यात आहे. कण साधारण 15 नॅनोमीटरचे हवेत की 80 चे, हे तापमान, तेल आणि भट्टीतला वेळ मिळून ठरवतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. मग मोठ्या कापडी गाळण्यांत ही भुकटी धरतात. तिचा मोठा हिस्सा टायरमध्ये जातो. रबर तिच्यामुळे झिजेला टिकतं. सुरुवातीचे टायर तर फिकट पांढरे असत.

याच काळ्या भुकटीला पांढरा जोडीदार शोधताना 1942 च्या सुमारास जर्मनीत देगुसा कंपनीच्या हॅरी क्लोफर यांनी सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ हायड्रोजनच्या ज्योतीत सोडली. हाती आली अतिसूक्ष्म सिलिका. आज औषधाच्या गोळीच्या वेष्टनावर ‘कोलॉइडल सिलिकॉन डायऑक्साइड’ असं वाचायला मिळतं ते बहुधा हेच. पावडर यंत्रात अडकू नये म्हणून ते घालतात.

मला मात्र या विज्ञानाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची वाटते. डिझेल इंजिनातही असेच कण बनतात, पण ते सगळे गाळणीत अडकत नाहीत. सायन-पनवेल महामार्गाजवळ राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. जुना टायर पेटवला तर काजळीचा लोट उठतो आणि तो धरायला तिथे गाळणी नसते. थंडीत शेकायला, निदर्शनाला किंवा कचरा संपवायला टायर पेटवू नका, कोणी पेटवत असेल तर थांबवा.