लॅपटॉप : लहान घ्यावा की मोठा?

लॅपटॉप घ्यायला गेलेल्या शिक्षकासमोर दुकानदार दोन यंत्रे ठेवतो. एक '१३.३ इंची', दुसरे '१५.६ इंची'. किमतीत फारसा फरक नसेल तर मन मोठ्याकडे झुकते. तेवढ्याच पैशात मोठी वस्तू मिळते ना! पण ही खरेदी बहुतेकांना पाच-सहा वर्षांत पुन्हा परवडणारी नसते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी थोडे गणित करून पाहू या.

हे इंच पडद्याच्या लांबीचे नव्हेत आणि रुंदीचेही नव्हेत, ते कर्णाचे आहेत. दोन आयत समरूप असतील तर त्यांची क्षेत्रफळे कर्णांच्या वर्गांच्या प्रमाणात असतात. १५.६ ला १३.३ ने भागले तर सुमारे १.१७ येतात आणि त्याचा वर्ग सुमारे १.३८. म्हणजे कर्ण १७ टक्क्यांनी वाढला, पण दिसणारी जागा ३८ टक्क्यांनी. मोठ्या पडद्याचा हा फायदा खराच आहे.

मात्र 'समरूप असतील तर' ही अट विसरू नये. पूर्वी लॅपटॉपच्या पडद्याच्या बाजूंचे गुणोत्तर ४:३ असे. अशा १५ इंची पडद्याच्या बाजू १२ आणि ९ इंच येतात (आपला वर्गातला ३-४-५ चा त्रिकोण!) आणि क्षेत्रफळ १०८ चौरस इंच. १६:९ गुणोत्तराच्या १५.६ इंची पडद्याचे क्षेत्रफळ भरते १०४ चौरस इंच. कर्ण वाढला आणि क्षेत्रफळ घटले! नुसत्या इंचांवर विसंबणे बरे नव्हे, ते यासाठी.

आता वजन पाहू. लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्ही मिती १.१७ पटींनी वाढल्या तर घनफळ सुमारे १.६ पट होईल. जाडी तीच ठेवली तर १.३८ पट. म्हणजे १३.३ इंची यंत्र १.३ किलोचे असेल, तर तशाच बांधणीचे १५.६ इंची यंत्र १.८ ते २.१ किलोंच्या दरम्यान असावे. बाजारातील पुष्कळ यंत्रे याच टप्प्यात बसतात. १९८१ साली आलेला 'ऑस्बोर्न १' हा सोबत नेण्याजोगा म्हणून विकला गेलेला संगणक सुमारे ११ किलोंचा होता आणि त्याचा पडदा अवघा ५ इंची होता. त्या मानाने हा फरक क्षुल्लक वाटेल. पण चार्जर, वह्यांचा गठ्ठा, डबा आणि पाण्याची बाटली यांच्यासह उभ्याने एसटीचा प्रवास करणाऱ्याला विचारा! विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर २०२० च्या दप्तर धोरणाने दप्तराचे वजन शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत असावे असे म्हटले आहे. ४५ किलोंच्या मुलीसाठी ते साडेचार किलो होते. त्यातले दोन-सव्वादोन किलो लॅपटॉपनेच खाल्ले, तर पुस्तकांना काय उरले?

मग सर्वांनी लहानच घ्यावा का? तसेही नाही. दोन्ही पडद्यांवर ठिपके सारखेच, म्हणजे १९२० × १०८० असतील, तर मोठ्या पडद्यावर १० मिलिमीटर उंचीचे दिसणारे अक्षर लहानावर साडेआठ मिलिमीटरचे होते. डोळ्याला ते तेवढेच मोठे दिसण्यासाठी पडदा ६० ऐवजी ५१ सेंटिमीटरवर आणावा लागतो. तरुण डोळ्यांना हे जमते. चाळिशी लागलेल्यांची पंचाईत अशी, की जवळचे स्पष्ट दिसणेच कमी झालेले असते. अक्षरे मोठी करता येतात, पण मग पडद्यावर मजकूर कमी मावतो आणि पान सतत सरकवावे लागते.

मराठी टंकलेखन करणाऱ्यांनी कळफलकही नीट पाहावा. पूर्ण आकाराच्या कळफलकात शेजारच्या दोन कळांच्या मध्यांमधील अंतर साधारण १९ मिलिमीटर असते. १३.३ इंची यंत्रात ते सहसा सांभाळलेले असते. त्याहून लहान यंत्रांत जागा वाचवण्यासाठी काही वेळा उजव्या कडेच्या कळा अरुंद करतात. इंग्रजीत त्या कळांवर बहुतेक विरामचिन्हे असल्याने कोणाचे अडत नाही. पण आपल्या इनस्क्रिप्ट मांडणीत च, ट, ड आणि य ही अक्षरे त्याच बाजूला येतात! 'य' वाचून मराठीचे एक पानही पुरे होणे कठीण. उलट १५.६ इंची यंत्रात बहुधा आकड्यांचा वेगळा संच असतो. गुणपत्रके भरताना तो फार सोयीचा पडतो.

उष्णतेचा मुद्दा थोडक्यात सांगतो. प्रोसेसर जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळी उष्णतेत बदलते. जाड यंत्रात पंख्याला आणि हवेला जागा मिळते. पातळ यंत्र तापले की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. प्रश्नपत्रिका तयार करताना हे जाणवणार नाही, अर्धा तास चित्रफितीचे संपादन केले तर जाणवेल. बॅटरीची क्षमता वॉट-तासांत दिलेली असते. ५० वॉट-तासांची बॅटरी १० वॉट वापरावर ५ तास चालते. मोठा पडदा तेवढाच उजळ ठेवायला जास्त वीज लागते आणि स्वस्त मोठ्या यंत्रांत बॅटरी पुष्कळदा लहान यंत्राएवढीच असते. म्हणून मोठे यंत्र अधिक वेळ चालेल, असे गृहीत धरू नये.

माझे मत विचाराल तर रोज शाळेत न्यायचा असेल त्याने १३ ते १४ इंची घ्यावा आणि घरच्या टेबलावर त्याला वेगळा पडदा व कळफलक जोडावा. लहान यंत्र असे मोठे करून घेता येते, मोठे मात्र लहान करता येत नाही. ज्याचा लॅपटॉप टेबलावरून क्वचितच हलणार आहे, त्याने निःशंकपणे मोठा घ्यावा. दुकानात जाताना दप्तर सोबत न्यावे, यंत्र त्यात ठेवून दहा मिनिटे खांद्यावर वागवावे, आणि मराठीत चार ओळी टंकित करून पाहाव्यात.

वर्गासाठी एक उदाहरण : १४ इंची दोन पडदे आहेत, एकाचे गुणोत्तर १६:९ आणि दुसऱ्याचे १६:१०. पायथागोरसच्या प्रमेयाने दोन्हींची क्षेत्रफळे काढा. (उत्तरे : सुमारे ८४ आणि ८८ चौरस इंच.)