पाणी शिरते कोठून, ठिबकते कोठे?

मृग लागण्यापूर्वी घर शाकारून घेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. छपरावर चढलेला जाणता माणूस थेंब जेथे पडतो त्याच्या नेमक्या वरच्या कौलाला हात लावीत नाही. तो आणखी वरच्या ओळीतील कौले तपासू लागतो. कारण फुटक्या कौलातून आत आलेले पाणी लगेच खाली पडत नाही. ते वाशाच्या अंगाने उतरत जाते आणि जेथे एखादी गाठ किंवा खाच आडवी येते तेथे सुटते. जुन्या मालमोटारीच्या केबिनलाही हाच न्याय लागू पडतो. तेथील गळती शोधून काढणे हा विज्ञानाचा एक लहानसा पण फार बोधप्रद प्रयोगच आहे. त्याची माहिती येथे क्रमाने देण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय शाळेच्या वार्षिक अंकात कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आमच्या वर्गांत बसणाऱ्या कित्येक मुलांचे वडील, काका किंवा थोरले भाऊ मालमोटार चालवितात. चोर्ला किंवा अनमोड घाटाने ऐन आषाढात गाडी नेणाऱ्या माणसाची केबिन ही त्याची कचेरी असते, जेवणाची जागा असते आणि रात्री निजण्याची खोलीही असते. तेथे पाणी झिरपू लागले म्हणजे अंथरूण व कागदपत्रे भिजतात, हा झाला लहान तोटा. ओल्या तळव्याचा पाय ऐन वळणावर ब्रेकवरून घसरणे, आतल्या ओलाव्याने समोरची काच धुरकटणे, फ्यूजच्या पेटीत पाणी जाऊन रात्रीच्या वेळी दिवे बंद पडणे, हे तोटे मात्र जिवावर बेतणारे आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन असणे शासनाने सक्तीचे केले आहे. परंतु त्यापूर्वीच्या असंख्य गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांतील माणसांना निदान कोरडी जागा तरी मिळावी, ही अपेक्षा काही मोठी नव्हे.

प्रथम आपला प्रतिपक्षी केवढा आहे हे पाहू. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. केबिनच्या छताचे क्षेत्रफळ ३ चौरस मीटर धरले, तर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या छतावर वर्षभरात सुमारे ९००० लिटर पाणी पडते. त्याचा हजारावा हिस्सा जरी आत आला, तरी ते ९ लिटर होते. जुन्या गाडीत त्याला वाटाही पुष्कळ मिळतात. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूर येथे मालमोटारी बनविण्यास आरंभ केला. ते सहकार्य १९६९ पर्यंत चालले. त्या काळापासून पुढे कित्येक दशके आपल्याकडे पुष्कळ गाड्या केवळ सांगाडा, इंजिन आणि पुढचा दर्शनी भाग एवढ्याच रूपात विकल्या जात, आणि बाकीची केबिन स्थानिक कारागीर लाकडी चौकट व पत्रा यांनी उभी करीत. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पत्रा दुपारी तापतो, रात्री निवतो. आणि खड्ड्यांचे धक्के तर बारमाही. प्रत्येक सांधा अशा रीतीने हळूहळू सैल होत जातो.

पाणी आत येण्यामागे तीन कारणे असतात. पहिले गुरुत्वाकर्षण, ते सर्वांस ठाऊक आहे. दुसरे केशाकर्षण. दोन स्वच्छ काचा एकमेकींजवळ उभ्या धरून त्यांची खालची कड पाण्यात बुडविली, तर मधल्या फटीत पाणी आपोआप वर चढते. फट १ मिलिमीटरची असेल तर ते सुमारे दीड सेंटीमीटर चढते. फट त्याच्या दशांशाने, म्हणजे ०.१ मिलिमीटर असेल, तर सुमारे १५ सेंटीमीटरपर्यंत चढू शकते. म्हणून एकावर एक चढविलेल्या दोन पत्र्यांमधील फट डोळ्यांना दिसत नसली, तरी तेवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाही. तिसरे कारण वाऱ्याचा दाब. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या दर्शनी भागावर हवेचा जो दाब पडतो, तो पाण्याला सुमारे १७ मिलिमीटर उंच उचलून धरण्याइतका असतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. उभी असताना कोरडी राहणारी गाडी धावू लागताच का गळते, याचा उलगडा यावरून होतो.

आता शोधास आरंभ करावयाचा. पहिला प्रश्न असा की, आतले पाणी खरोखर पावसाचेच आहे काय? काचेच्या आतल्या बाजूस पहाटे दिसणारे दव बहुधा माणसाच्या श्वासातील बाष्पाचे असते. ज्या गाडीत हीटर आहे, तेथे पायापाशी रंगीत व चिकट पाणी दिसले तर ते इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यापैकी असण्याचा संभव असतो. क्लच किंवा ब्रेकच्या पेडलपाशी बुळबुळीत ओल दिसली आणि तेथील रंग उडालेला असला, तर मात्र गाडी तशीच न हाकता मिस्त्रीला बोलवावे. ते ब्रेकचे ऑइल असू शकते आणि त्याची गळती पावसाच्या गळतीपेक्षा शतपट धोक्याची आहे.

पाणी पावसाचेच आहे अशी खात्री झाली म्हणजे केबिन रिकामी करावी. चटया, गाद्या, पायाखालची रबरे सारे बाहेर काढून तळ पुसून पूर्ण कोरडा करावा. इंजिन बंद ठेवून बॅटरीचे टोक सोडवून ठेवावे. संशयित सांध्यांच्या आतल्या बाजूस खडूची बारीक पूड भुरभुरावी आणि तळावर जुनी वर्तमानपत्रे पसरावी. पुडीवर पाण्याचा ओघळ स्पष्ट उमटतो. मग एकाने विजेरी घेऊन आत बसावे व दुसऱ्याने बाहेरून रबरी नळीने पाणी सोडावे. धार संथ असावी. जोराचा फवारा पाऊस जेथे कधी जात नाही तेथेही पाणी घुसवितो आणि मग शोधाची दिशाच चुकते.

येथे सर्वांत महत्त्वाचा नियम हा की, पाणी खालून वर चढवीत न्यावे. आधी तळ, मग दरवाजाची खालची कड, मग काचेची खालची बाजू, काचेच्या कडा आणि सर्वांत शेवटी छत. आरंभीच छतावर पाणी ओतले तर ते खाली येताना प्रत्येक सांध्यावरून वाहते आणि कोणता सांधा दोषी हे कळण्यास मार्ग उरत नाही. खालून जाताना मात्र ज्या ठिकाणी आत पहिला ओघळ दिसेल, त्याचे मूळ आता भिजविलेल्या सांध्यातच असले पाहिजे. प्रत्येक ठिकाणी पाचदहा मिनिटे थांबावे, कारण पाण्याला वाट काढण्यास वेळ लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निरीक्षण नोंदवावे, हा प्रयोगशाळेतला नियम येथेही तंतोतंत लागू आहे. केवळ धावताना गळणाऱ्या गाडीसाठी आणखी एक युक्ती आहे. सांध्यावर बाहेरून साबणाचा फेस लावावा व आतून हवेच्या नळीने बेताचा वारा सोडावा. फट असेल तेथे बुडबुडे उठतात. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधण्याचाच हा दुसरा प्रकार होय.

अनुभवाने काही जागा ठरून गेलेल्या आहेत. समोरच्या काचेभोवतीचे रबर ऊन व हवा यांनी कडक होऊन तडकते, विशेषतः खालच्या कोपऱ्यांत. छतावर सामान ठेवण्याच्या टपाचे बोल्ट, वरच्या लहान दिव्यांचे स्क्रू आणि कडेच्या पन्हळीची जोडणी ही दुसरी जागा. वरच्या दिव्यापाशी शिरलेले पाणी छताच्या अस्तरामागून खांबात उतरते आणि चालकाच्या पायाशी प्रकट होते. बिचाऱ्या काचेवर मग उगाच आळ येतो. काचेसमोर हवा आत घेणारी जाळी असेल, तर तिच्या खालची निचऱ्याची वाट पालापाचोळ्याने बुजते व पाणी आत उसळते. तळाशी पेडल, गिअरचा दांडा आणि तारा यांच्यासाठी पाडलेल्या भोकांतील रबरे फाटली, म्हणजे चाकांनी उडविलेले पाणी खालून वर येते.

दरवाजाची गोष्ट मात्र निराळी व मौजेची आहे. काच खालीवर होत असल्याने तिच्या अंगाने थोडे पाणी दरवाजाच्या पोकळीत जाणारच, हे बनविणाऱ्याने गृहीतच धरलेले असते. ते पाणी बाहेर जावे म्हणून दरवाजाच्या बुडाशी भोके ठेवलेली असतात. चिखलाने ती बुजली तर पोकळीत पाणी साठून पत्रा आतून कुजतो. गळती थांबेल या समजुतीने काही लोक ही भोके मुद्दाम बंद करतात. ते सर्वथा चूक होय. ती तारेने मोकळी करावी. काही गाड्यांत आतल्या पॅनेलमागे प्लॅस्टिकचा पडदा असतो. तो फाटला असल्यास नवा लावावा. दरवाजाचे रबर नीट दाबले जाते की नाही हे पाहण्यास कागदाची पट्टी पुरते. ती मध्ये धरून दरवाजा लावावा व ओढून पाहावी. जेथे ती सहज निसटते तेथे रबर चेपलेले आहे किंवा बिजागरी झुकली आहे असे समजावे.

दोष सापडल्यावर दुरुस्तीची घाई करू नये. ओल्या व गंजक्या पत्र्यावर लावलेला कोणताही लेप टिकत नाही. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून वर लावलेला थर तो आतून उचलून काढतो. गंज खरवडून, पत्रा पूर्ण वाळवून, रेड ऑक्साइडचा हात देऊन मगच सांधा भरावा. काचेचे रबर मऊ असेल, तर त्याची कड लाकडी पट्टीने हळूच उचलून खाचेत कडक न होणारे सीलंट भरावे. रबर तडकले असेल तर नवेच घालावे. त्यासाठी रबराच्या खाचेत दोरी बसवितात, साबणाचे पाणी लावतात आणि एकजण बाहेरून काच दाबीत असता दुसरा आतून दोरी ओढीत जातो. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. ज्या सीलंटला सुकताना आंबूस वास येतो, ते उघड्या पत्र्यावर लावू नये. त्यातून ॲसिटिक आम्ल सुटते आणि गळती बुजविता बुजविता गंजाला आमंत्रण दिले जाते. छताच्या बोल्टांखाली रबरी वायसर घालावा. एवढे झाल्यावर पुन्हा पाणी सोडून परीक्षा घ्यावी. या परीक्षेवाचून दुरुस्ती पुरी झाली असे म्हणू नये.

आमच्या भाषेत ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशी म्हण आहे. थेंब जेथे दिसला तेथेच लांबी थापणारा माणूस याहून वेगळे काय करतो? परिणाम दिसतो एके ठिकाणी आणि कारण असते दुसरीकडे; त्या दोहोंमधली वाट धीराने, एकेक पाऊल तपासीत शोधणे, यालाच शास्त्रीय वृत्ती म्हणतात. विद्यार्थ्यांनो, येत्या मे महिन्यात घराच्या छपराबरोबर दारातल्या मालमोटारीकडेही लक्ष द्या. वडीलधारी माणसे बाहेर नळी धरतील. आत खडूची पूड आणि विजेरी घेऊन बसण्याचे काम तुम्ही मागून घ्या. पावसाळ्याच्या एखाद्या रात्री घाटमाथ्यावर गाडी थांबवून तुमच्या घरचा माणूस कोरड्या अंथरुणावर पाठ टेकील, तेव्हा या अभ्यासाचे चीज झाले असे आम्ही समजू.