ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनांतील एक पाठभेद

ख्रिस्ती धर्मांत देह व आत्मा यांच्या झगड्याचें जें विवेचन आढळतें, त्याचें मूळ संत पौलाच्या पत्रांत आहे. रोमकरांस पाठविलेल्या पत्राचा ७ वा अध्याय व गलतीकरांस पाठविलेल्या पत्राचा ५ वा अध्याय हीं त्याचीं प्रमुख स्थळें होत. तेथील मूळ ग्रीक शब्द ‘सार्क्स’, म्हणजे मांस, असा आहे. परंतु केवळ हाडामांसाचें शरीर असा त्याचा अर्थ केल्यास घोटाळा होतो. देहाच्या कर्मांची जी यादी पौलानें दिली आहे, तींत व्यभिचार व मद्यपान यांच्याबरोबर वैर, मत्सर व तट पाडणें हींही आहेत. मत्सर हा कांहीं शरीराचा विकार नव्हे. तेव्हां ईश्वराकडे पाठ फिरविलेला सगळा मनुष्य, असाच येथें ‘देह’ शब्दाचा अर्थ घ्यावा लागतो.

हा अर्थ ज्यानें स्वानुभवानें उकलून दाखविला, तो ऑगस्टीन इ. स. ३५४ मध्यें उत्तर आफ्रिकेंतील थागास्त येथें जन्मला. सुमारें नऊ वर्षें तो मानी पंथाचा अनुयायी होता. प्रकाश व अंधार अशीं दोन आदितत्त्वें मानून तो पंथ पापाचा दोष अंधाराच्या माथीं मारीत असे. पुढें ३९७ च्या सुमारास लिहावयास घेतलेल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या ८ व्या भागांत ऑगस्टीनानें हें मत खोडून काढिलें. सन्मार्ग इच्छिणारा व तो टाळणारा असे दोघे निराळे नसून एकाच मनुष्याची इच्छा दुभंगलेली असते, असें त्याचें प्रतिपादन आहे.

याच भागांत ३८६ सालचा मिलान येथील बागेचा प्रसंग येतो. मनाची ओढाताण असह्य होऊन तो रडत असतां, पुस्तक उचलून वाचावयास सांगणारा मुलाचा किंवा मुलीचा गाता स्वर त्याच्या कानीं पडला. त्यानें पौलाचीं पत्रें उघडलीं. जें वचन दृष्टीस पडलें, तें देहवासनांचे लाड पुरवूं नयेत अशा अर्थाचें होतें. पुढील वर्षीं त्यानें बाप्तिस्मा घेतला.

आतां हा स्वर कोठून आला ? बहुतेक पोथ्यांत ‘विकीना’, म्हणजे शेजारच्या, घरांतून असा पाठ आहे. परंतु रोम येथील ‘सेसोरियानुस’ या सहाव्या शतकांतील अतिप्राचीन पोथींत ‘दिवीना’, म्हणजे दिव्य, घरांतून असा पाठ मिळतो. लॅटिन लिपींत दोन्ही शब्द सहा-सहा अक्षरांचे; भेद काय तो पहिल्या व तिसऱ्या अक्षराचा. फ्रेंच पंडित पिएर कूर्सेल यांनीं १९५० मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ‘दिव्य’ हा पाठ ग्राह्य मानून हा प्रसंग रूपकात्मक असल्याचें मत मांडलें.

आमच्या मतें ‘शेजारच्या’ हाच पाठ सयुक्तिक होय. स्वर ऐकतांच, मुलांच्या एखाद्या खेळांत असे शब्द येतात काय, असा विचार ऑगस्टीन करूं लागतो. स्वर दिव्य घरांतून आला असें आधींच सांगितलें असतें, तर ह्या विचारास जागा उरली नसती. ती ईश्वराची आज्ञा होय, हा निर्णय तो नंतर करितो. भाविक लेखकानें पुढचा निष्कर्ष नकळत मागें ओढला असावा. दुसरें असें कीं, त्या दिव्य स्वरानें झगडा कायमचा मिटला, असें ऑगस्टीन म्हणत नाहीं. याच ग्रंथाच्या १० व्या भागांत, बिशप झाल्यावरही स्वप्नें, जिव्हालौल्य व स्तुतीची आवड आपणांस कशीं छळतात, हें तो मोकळेपणानें सांगतो. उतारवयांत तर रोमकरांच्या ७ व्या अध्यायांतील व्याकुळ उद्गार कृपा पावलेल्या पौलाचेच होत, असें त्यानें ठरविलें. पूर्वीं तो ते कृपेवांचूनच्या मनुष्याचे मानीत असे.

असो. पोथी जितकी जुनी तितका पाठ शुद्ध, हा नियम सरसकट लागू पडत नाहीं. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती पोथ्यांत शिरलेल्या अपपाठांमुळेंच. नकलकाराच्या हातून प्रमादानें जसे अपपाठ शिरतात तसे भक्तीनेंही शिरतात. आणि हे दुसरे ओळखणें अधिक कठीण, कारण ते वाचणाऱ्यास गोड लागतात.