एका व्यक्तीची पाँटून नौका

कृत्रिम माशीचे आमिष लावून ट्राउट मासा पकडण्याचा छंद अमेरिकेच्या मोंटाना, आयडाहो आदी पश्चिमेकडील राज्यांत लोकप्रिय आहे. त्यासाठी तेथे एका व्यक्तीपुरती पाँटून नौका वापरली जाते. हवा भरलेली दोन लांबट नळकांडी, त्यांना जोडणारा धातूचा सांगाडा, मध्ये आसन व दोन वल्ही, एवढीच तिची रचना असते. शांत तलावात पायांना पोहण्याचे रबरी पंख बांधून ती चालवितात. त्यामुळे गळासाठी दोन्ही हात मोकळे राहतात. नदीत मात्र वल्ह्यांवाचून ती आवरत नाही. वेगवान प्रवाहात नांगर टाकणे तर विशेष धोक्याचे. तो अडकल्यास नौका उलटू शकते.

दोन्ही नळकांडी स्वतंत्र असल्याने एक फुटले तरी दुसरे आधार देते. तरीही तेथील कायद्यानुसार नौकेवर प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट असणे बंधनकारक आहे. आपल्याकडील जलाशयांत ट्रकच्या एकाच ट्यूबवर बसून जाळे टाकणाऱ्या मच्छीमाराला हा दुसरा आधारही नसतो. म्हणूनच त्याच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असेल, याची दक्षता ग्रामपंचायती व मच्छीमार सहकारी संस्थांनी घेणे अगत्याचे आहे.